शेवटचे चार मीटर : शाळा आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही हकिकत एका माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या वर्गाची आणि शाळेजवळच जमणाऱ्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाची आहे. शाळेचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. प्रकल्पाच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे वर्गात, मंडळाच्या सभागृहात आणि पुढे वाहतूक विभागाच्या कार्यालयातही मला बसता आलं.

शाळेत समाजसेवेचा उपक्रम दरवर्षी होत असे. एक दिवस स्वच्छता मोहीम, एक दिवस ज्येष्ठांची भेट. मुलं गाणी म्हणायची, स्वतः केलेली शुभेच्छापत्रं द्यायची, फोटो निघायचे आणि प्रमाणपत्रावर सेवेचे तास लिहिले जायचे. मुलांचा उत्साह खरा होता, आजी-आजोबांचा आनंदही खरा होता. पण त्यातून काय शिकलात असं विचारलं की मुलं एकच उत्तर द्यायची : दुसऱ्यांना मदत करावी. हे त्यांना उपक्रमाच्या आधीही माहीत होतं.

गणिताच्या बाईंना यात बदल हवा होता. काम करता करता शिकायचं, ही कल्पना काही नवी नाही. विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीची मांडणी १९१८ साली केली. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी उत्पादक काम हाच शिक्षणाचा पाया धरला. समाजाच्या खऱ्या गरजेवर काम करायचं आणि तेच काम अभ्यासक्रमाशी जोडायचं, या पद्धतीला ‘सेवा-अध्ययन’ हे नाव अमेरिकेत १९६७ च्या सुमारास रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्सी यांच्या कामातून मिळालं. मेरीलँड राज्यात तर शाळा पूर्ण करण्यासाठी विद्यार्थ्यांना असं काम करावंच लागतं, आणि त्याचं माप ७५ तासांचं आहे. बाईंचा आक्षेप नेमका तासांच्या मापावर होता. तास भरले म्हणजे गरज भागली असं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापकांनी त्यांना एक सत्र दिलं. अट एकच होती : गणिताचा अभ्यासक्रम मागे पडता कामा नये.

अडचण कशी कळली

बाई उपक्रमांची यादी घेऊन मंडळाच्या सचिवांकडे गेल्या. यादीत मुलांनी आजी-आजोबांना मोबाइल शिकवणं होतं, एकत्र खेळ होते, आठवणींचं हस्तलिखित होतं. सचिव आजोबांनी यादी शांतपणे वाचली आणि म्हणाले, “सगळं चांगलंच आहे. पण आम्हाला काय हवंय, हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही.”

बाईंनी यादी तिथेच बाजूला ठेवली. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही हाच. यादीतलं एखादं काम निवडून ‘मंडळाशी चर्चा केली’ असं लिहिणं त्यांना सहज शक्य होतं. बहुतेक ठिकाणी तसंच होतं.

त्यानंतर वर्ग मंडळात गेला तो कार्यक्रम करायला नव्हे, विचारायला. प्रत्येक गटाने दोघा-तिघांशी बोलायचं आणि एकच प्रश्न विचारायचा : “या भागात कुठली गोष्ट करायची म्हटलं की तुम्हाला जड जातं?” उत्तर मध्येच तोडायचं नाही, उपाय सुचवायचा नाही, बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायचे. हा नियम पाळणं मुलांना सगळ्यात अवघड गेलं. समोरचा अडचण सांगू लागला की उपाय सुचवायला त्यांची जीभ वळवळायची.

उत्तरं नाना तऱ्हेची आली. औषधांवरची बारीक अक्षरं, बाकांची कमतरता, ऑनलाइन अर्ज. पण एक गोष्ट वेगवेगळ्या वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा उतरली होती. मंडळासमोरच्या रुंद रस्त्यापलीकडे सार्वजनिक वाचनालय होतं आणि तिथल्या सिग्नलवर रस्ता ओलांडणं अनेकांना अशक्य झालं होतं. काठी घेऊन चालणाऱ्या एका आजींचे शब्द एका मुलीने असे लिहून आणले : “अर्ध्यात असताना तांबडा दिवा लागतो. गाड्या गुरगुरायला लागतात. मग मी पळते. पळता येत नाही तरी पळते.”

वर्गात हे वाचून दाखवल्यावर काय करायचं, यावर फार वाद झाला नाही. कसं करायचं, यावर मात्र बराच झाला.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय मुलांनीच मांडला आणि तो त्यांच्या मनातून निघालेला होता : रोज शाळा सुटल्यावर आळीपाळीने सिग्नलवर उभं राहायचं आणि आजी-आजोबांना हात धरून पलीकडे न्यायचं. पालकांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढला आणि तो रास्त होता. पण पर्याय मागे पडला तो मंडळातल्या एका आजोबांच्या प्रश्नामुळे. “परीक्षेच्या दिवसांत आम्ही काय करायचं? आणि सुट्टीत?” त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्याला वाचनालयात एकट्याने, मनाला येईल तेव्हा जायचंय. कुणाच्या सवडीने नाही.

दुसरा पर्याय म्हणजे फलक आणि घोषणा घेऊन रस्त्यावर उभं राहायचं आणि सह्या गोळा करायच्या. यात जोर होता. पण सह्यांच्या कागदावर नेमकी मागणी काय लिहायची, हे कुणालाच सांगता येईना. ‘वेळ वाढवा’ म्हणजे किती वाढवा?

जुन्या पद्धतीने भेटीचा कार्यक्रम करायचा आणि त्यात रस्ता सुरक्षेवर एक नाटुकलं बसवायचं, हा तिसरा पर्याय काही शिक्षकांना सोयीचा वाटत होता. त्यावर चर्चा लवकर आटोपली. सुरक्षितपणे रस्ता कसा ओलांडायचा हे आजी-आजोबांना नाटकातून सांगणं म्हणजे चूक त्यांची आहे असं म्हणणंच झालं असतं.

उरला मोजण्याचा पर्याय. सिग्नल किती वेळ देतो, माणसाला किती वेळ लागतो, फरक किती, हे काढायचं आणि तो फरक संबंधित विभागापुढे ठेवायचा. वेग, वेळ, अंतर हा आठवीच्या गणिताचाच भाग. सरासरी आणि मध्यक, आलेख, भाषेच्या तासाला औपचारिक पत्र, विज्ञानाच्या तासाला वयानुसार स्नायू आणि सांध्यांत होणारे बदल, हेही त्यात बसत होतं. मुख्याध्यापकांची अट पाळली जात होती. मंडळाने होकार दिला आणि स्वतःची एक अट घातली : जे काही निष्कर्ष निघतील ते विभागाकडे जाण्याआधी मंडळाला दाखवायचे.

त्या वेळी ही अट कुणाला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती.

मोजणी, पहिली फेरी

मुलांना रस्त्याच्या कडेला उभं करायचं नाही, हे पालकांच्या सभेतच ठरलं होतं. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून सिग्नल पूर्ण दिसायचा. ग्रंथपालांनी दोन टेबलं खिडकीशी लावून दिली. नियम ठरले : फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही, कुणाचं वर्णन लिहायचं नाही, फक्त वेळ आणि अंदाजे वयोगट. एकाने पाय रस्त्यावर पडल्याबरोबर ‘सुरू’ म्हणायचं, दुसऱ्याने स्टॉपवॉच दाबायचं, तिसऱ्याने लिहायचं. रस्त्याची रुंदी बाईंनी आणि दोन पालकांनी पहाटे वर्दळ नसताना टेपने मोजली. एका पदपथापासून दुसऱ्यापर्यंत १६ मीटर भरली. मध्ये थांबायला दुभाजक नव्हता.

पादचाऱ्यांचा हिरवा दिवा ५ सेकंद स्थिर राहायचा आणि नंतर १३ सेकंद लुकलुकायचा. म्हणजे एकूण १८ सेकंद. १६ मीटरला १३ सेकंद हा हिशेब कुठून आला, हे मुलांनी स्वतः शोधलं. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला की १३.३ येतात. हा आकडा अनेक देशांच्या सिग्नल-नियमांत वर्षानुवर्षं वापरात आहे.

खिडकीतून मोजलेल्या वयस्क लोकांचा सरासरी वेग निघाला सेकंदाला १.१ मीटर. १६ मीटरला साधारण १४.५ सेकंद. दिवा हिरवा झाल्यावर पाऊल टाकेपर्यंत सुमारे ३ सेकंद जात होते, कारण वळणाऱ्या गाड्या खरंच थांबल्यात ना, हे माणसं आधी पाहत होती. एकूण १७.५ सेकंद. सिग्नल १८ सेकंदांचा. म्हणजे वेळ पुरत होता, काठावर का होईना.

वर्गात शांतता पसरली. एका मुलाने फळ्यावरचं गणित दोनदा तपासलं. कुठेही चूक नव्हती. आजींचे शब्द एका बाजूला आणि आकडे दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती झाली. काही मुलं म्हणाली, सावकाश चालणाऱ्यांचेच आकडे घेऊ. बाईंनी ते साफ नाकारलं. मग दुसरा गट म्हणाला की आजी-आजोबांना भीती वाटते म्हणून वेळ कमी वाटत असावा; अहवालात तसंच लिहू.

इथे मंडळाची अट कामाला आली. निष्कर्ष पुढे पाठवण्याआधी त्यांना दाखवणं भाग होतं.

‘न ओलांडणारे कुठे मोजलेत?’

मंडळाच्या सभागृहात दोन मुलींनी आलेख दाखवला. बोलताना त्यांचा आवाज खाली गेला होता, कारण आपण वाईट बातमी सांगतो आहोत असं त्यांना वाटत होतं. सचिव आजोबांनी चष्मा लावून तक्ता पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि विचारलं, “हे सगळे रस्ता ओलांडणारे. न ओलांडणारे कुठे मोजलेत?”

कुणाला लगेच कळलं नाही. मग त्यांनी खुर्च्यांच्या रांगांकडे हात केला. ज्यांना वेळ पुरत नव्हता त्यांनी वाचनालयाला जाणंच सोडलं होतं. खिडकीतून दिसत होते ते अजून ओलांडू शकणारे. आणि तेही त्यांच्या नेहमीच्या चालीने नव्हे, घाईने चालत होते. आजी म्हणाल्या होत्या तसं, पळत होते.

पुढच्या तासाला बाईंनी आब्राहम वाल्ड यांचं उदाहरण घेतलं. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत हे पाहून चिलखत कुठे लावायचं, असा प्रश्न होता. वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने न परतलेल्या विमानांचा विचार करायला लावला. परत आलेल्या विमानांवर जिथे खुणा कमी, तिथेच बसलेली गोळी घातक ठरत असणार. मुलांना हे पटकन समजलं, कारण त्यांचा स्वतःचा तक्ता नेमका तसाच चुकला होता. हा धडा पुस्तकातून आला असता तर इतका खोल रुजला असता, असं मला वाटत नाही. आणि तो शिकवला मंडळाने. ज्यांची सेवा करायची म्हणून शाळा गेली होती, तेच मुलांचे शिक्षक झाले होते.

मोजणी, दुसरी फेरी

आता मोजणी मंडळाच्या सभागृहात झाली. फरशीवर खडूने एकमेकींपासून १० मीटर अंतरावर दोन रेघा, त्यांच्याआधी आणि नंतर थोडी मोकळी जागा, म्हणजे सुरुवातीचा आणि थांबतानाचा मंद वेग हिशेबात येत नाही. ज्यांची इच्छा होती त्यांनीच भाग घेतला. काठी, वॉकर, जे रोज वापरतात ते घेऊन, नेहमीच्या चालीने. ज्या आजी ‘पळता येत नाही तरी पळते’ म्हणाल्या होत्या, त्या पहिल्याच फेरीत ठरल्यापेक्षा भरभर चालल्या. स्टॉपवॉच पाहून आपोआप घाई झाली म्हणाल्या. मग मोजणाऱ्या मुलाने घड्याळ पाठीमागे धरलं आणि त्यांच्याशी गप्पा मारत मारत मोजलं. ही युक्ती त्याला कुणी सांगितली नव्हती.

सगळे वेग लहान ते मोठे असे मांडले. मधला वेग आला सेकंदाला ०.९५ मीटर. त्या वेगाने ओलांडायला सुरुवातीच्या ३ सेकंदांसह जवळजवळ २० सेकंद लागतात. म्हणजे मंडळातल्या अर्ध्याहून अधिक लोकांना १८ सेकंद पुरतच नव्हते. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांच्या चालण्यावर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आला होता. मुलांचे आकडे त्याच्या आसपासचेच होते.

मग प्रश्न आला की मागणी कोणता वेग धरून करायची. मधला वेग धरला तर निम्मे लोक मागे राहतात. सगळ्यात सावकाश माणूस धरला तर वाहनांचा सिग्नल फार लांबतो. अभियंते यासाठी एक रीत वापरतात : सगळ्यात सावकाश १५ टक्के लोकांच्या सीमेवरचा वेग धरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीत हा वेग सेकंदाला ४ फूट होता, तो २००९ च्या आवृत्तीत ३.५ फुटांवर, म्हणजे सुमारे १.०७ मीटरवर आणला गेला. मुलांच्या आकड्यांत १५ टक्क्यांची सीमा ०.८ मीटरवर आली.

वर्गाचे दोन तास यात गेले. माझ्या दृष्टीने प्रकल्पातले सगळ्यात चांगले तास तेच. इथे गणित उत्तर देत नव्हतं. सिग्नल कुणासाठी आहे, हे आधी ठरवल्याशिवाय गणित पुढे सरकत नव्हतं. एका मुलाचा मुद्दा असा होता की ८५ टक्क्यांना पुरेल ते न्याय्य. दुसरीने विचारलं की उरलेल्या १५ टक्क्यांत तुझी आजी असेल तर? शेवटी ०.८ वर एकमत झालं, आणि अहवालात स्वच्छ लिहिलं की सभागृहापर्यंतच येऊ न शकणारे लोक या मोजणीत नाहीत.

०.८ ने १६ मीटरला २० सेकंद. सुरुवातीचे ३ धरून २३. हिरवा १८ ला संपतो तेव्हा माणूस १२ मीटरवर पोचलेला असतो. शेवटचे चार मीटर तो तांबड्या दिव्यात, सुटायला टेकलेल्या गाड्यांपुढे चालतो. अहवालाच्या पहिल्या पानावर मुलांनी हे एका आकृतीत दाखवलं. मागणी होती ७ सेकंदांची : ५ स्थिर, २० लुकलुकते, एकूण २५. म्हणजे स्थिर हिरवा संपता संपता निघालेल्यालाही ओलांडायला पूर्ण २० सेकंद मिळतील.

विभागाशी बोलणी

वाहतूक विभागातले अभियंता मुलांशी मोठ्या माणसांशी बोलावं तसं बोलले, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी कौतुकात वेळ घालवला नाही, थेट अडचणी मांडल्या. सिग्नलचं चक्र ९० सेकंदांचं. त्यात ७ वाढवले तर ९७. चक्र लांबलं की सगळ्यांचं थांबणं वाढतं, पादचाऱ्यांचंही. आणि जास्त थांबावं लागलं की लोक तांबड्यातच रस्ता ओलांडतात. चक्र तेवढंच ठेवून वेळ काढायची तर ती दुसऱ्या दिशेच्या वाहनांकडून काढावी लागेल. त्यांनी आणखी दोन मार्ग सांगितले. वळणाऱ्या गाड्यांना सोडण्याआधी पादचाऱ्यांना काही सेकंद आधी निघू देता येतं. आणि रस्त्याच्या मधोमध थांब्याचा चौथरा बांधला तर १६ मीटरचे दोन टप्पे होतात. पहिला उपाय यंत्रणेत बसवता येण्याजोगा, दुसऱ्याला खर्चाची मंजुरी हवी.

मग त्यांनी मुलांना विचारलं, “ज्येष्ठ लोक दिवसात कधी ओलांडतात, याची तासवार मोजणी आहे का?”

नव्हती. वर्गाने ती दोन आठवड्यांत केली. पुन्हा वाचनालयाची खिडकी, आळीपाळीने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शाळेच्या वेळात पालकांनी आणि मंडळाच्या सभासदांनी हातभार लावला. आलेखात उंच भाग सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात आला. संध्याकाळी जवळजवळ कुणीच नाही. विभागाने त्यावरून निर्णय घेतला : १० ते ४ या वेळात पूर्ण ७ सेकंद वाढवायचे. गर्दीच्या वेळी फक्त २. चौथऱ्याचा अर्ज पुढच्या अंदाजपत्रकासाठी ठेवायचा.

वर्गात आनंदीआनंद झाला, आणि तो रास्त होता. आठवीच्या मुलांच्या अहवालावरून सिग्नल बदलला होता.

काय झालं

दिवसाच्या सिग्नलचा फरक लगेच दिसला. मंडळातल्या काहींनी वाचनालयाचं सभासदत्व पुन्हा सुरू केलं. काठीवाल्या आजी आता आठवड्यातून एकदा एकट्या जातात.

समारोपाचा कार्यक्रम शाळेने ठरवला तेव्हा पहिल्या आराखड्यात मंडळाचे लोक पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसणार होते आणि त्यांना पुष्पगुच्छ देणार होते. सचिव आजोबांनी निमंत्रण पाहून विचारलं, आम्ही बोलायचं नाही का? मुलांच्या सहभागाबद्दल रॉजर हार्ट यांनी १९९२ साली आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. माणसाला शोभेपुरतं पुढे करणं ही त्यातलीच एक. ही मांडणी मुलांसाठी असली तरी इथे ती ज्येष्ठांना तितकीच लागू होती. कार्यक्रम बदलला. अहवाल दोघांनी मिळून सांगितला : एक भाग विद्यार्थ्याचा, पुढचा भाग मंडळाच्या सभासदाचा.

आणि त्याच कार्यक्रमात, तासवार आलेख पडद्यावर आला तेव्हा, एक आजी उठून म्हणाल्या, “संध्याकाळी आम्ही दिसत नाही, कारण संध्याकाळी आम्ही येत नाही. येता येत नाही म्हणून.” वाचनालयातलं वाचन मंडळ आणि व्याख्यानं संध्याकाळीच असायची.

पहिल्या फेरीत जे घडलं तेच पुन्हा घडलं होतं. ओलांडणाऱ्यांची मोजणी झाली, न ओलांडणाऱ्यांची राहिली. आणि या वेळी त्या मोजणीवर निर्णयही झाला होता. गर्दीच्या वेळी २ सेकंद वाढून २० झाले. सुरुवातीचे ३ वजा करता १७ सेकंदांत ०.८ च्या वेगाने १३.६ मीटर होतात. म्हणजे संध्याकाळी २.४ मीटर अजून उरतात. हे गणित एका मुलीने तिथेच, कार्यक्रमपत्रिकेच्या मागे केलं.

काय वेगळं करता आलं असतं

तासवार मोजणीची चूक का झाली, याचा मी बराच विचार केला. मुलं धडा विसरली, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. पहिला अहवाल मंडळाला दाखवायचं बंधन होतं, म्हणून चूक सापडली. तासवार मोजणीच्या वेळी हे बंधन कुणाच्या लक्षात राहिलं नाही. प्रश्न अभियंत्याने विचारला होता, घाई होती, आणि ती ‘पुरवणी माहिती’ समजली गेली. मंडळाच्या सभासदांनी मोजायला मदत केली, पण मोजणीचा अर्थ काय लावायचा, हे त्यांना विचारलं गेलं नाही. मोजायला हात देणं आणि अर्थ लावायला सोबत बसणं यांत फार अंतर आहे. असा प्रकल्प करणाऱ्या प्रत्येक शाळेने प्रत्येक टप्प्याच्या वेळापत्रकात ‘भागीदारांना दाखवणे’ हा दिवस आधीच आखून ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं. सवड मिळाली तर दाखवू, असं ठेवलं की तो दिवस घाईत वगळला जातो.

अभियंत्यांना फार उशिरा गाठलं गेलं, हा दुसरा मुद्दा. अहवाल पूर्ण झाल्यावर त्यांच्याकडे जाण्याऐवजी सुरुवातीलाच भेटून, तुम्ही निर्णय कशावरून घेता, कोणती माहिती लागते, असं विचारलं असतं तर तासवार मोजणी पहिल्यापासून झाली असती आणि तिच्यावर बोलायला वेळही मिळाला असता. चौथऱ्याचा अर्जही त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जाऊ शकला असता.

मूल्यमापनाबद्दल मात्र बाईंनी केलं ते तसंच ठेवावं असं वाटतं. गुण सिग्नल बदलला की नाही, यावर नव्हते, हजेरीवरही नव्हते. प्रत्येक मुलाने आपल्या वहीत लिहायचं होतं : माझा अंदाज काय होता, तो कशामुळे बदलला, अजून काय माहीत नाही. एका मुलाने पहिल्या फेरीनंतर ‘सिग्नल बरोबर आहे’ असं ठाम लिहिलं होतं आणि नंतर तीन पानं भरून स्वतःचं म्हणणं खोडलं होतं. त्याला चांगले गुण मिळाले. दोन पालकांनी यावर हरकत घेतली. बाईंनी त्यांना वही वाचायला दिली.

कालावधीचा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेतल्या नॅशनल यूथ लीडरशिप कौन्सिलने २००८ साली सेवा-अध्ययनाचे आठ निकष मांडले. त्यात पुरेसा कालावधी हा एक आहे. शाळेसाठी सत्र संपलं की प्रकल्प संपतो, मंडळासाठी रस्ता संपत नाही. या वर्गाने मोजणीचे कोरे तक्ते, दोन स्टॉपवॉच आणि कृतीची एक पानी टिपणी मंडळाकडे दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण विभागाशी पत्रव्यवहार कोण करणार, हे सत्राच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरलं नव्हतं. शेवटी पत्रांवर शाळा आणि मंडळ दोघांच्याही सह्या राहतील, असं ठरलं.

नव्या आठवीने संध्याकाळचा प्रश्न हातात घेतला आहे. या वेळी खिडकीतून मोजणी झाली नाही. मंडळाचे सभासद आणि मुलं जोडीने घरोघरी गेले आणि संध्याकाळी वाचनालयात यायची इच्छा असूनही कोण येत नाही, याची यादी केली. नावं मंडळाकडे ठेवली, विभागाला फक्त संख्या आणि कारणं कळवली. पत्रात दोन मागण्या आहेत : संध्याकाळी पादचाऱ्यांना वळणाऱ्या गाड्यांच्या आधी निघू द्यावं, आणि चौथऱ्याचा अर्ज या अंदाजपत्रकात घ्यावा. पहिल्या मागणीसाठी विभागाने पाहणीची तारीख दिली आहे. दुसरीवर अजून उत्तर आलेलं नाही.